पठारावरची जागा

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, अगदी तळाच्या घळीत, एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे, आखूड पाय आणि माती उकरायला मजबूत नखे. स्वभावाने ती कष्टाळू होती आणि थोडी बुजरीही. तिच्या शेजारी करवंदीच्या जाळीखाली एक सशीण राहायची. आसपास उंदीर, सरडे, टिटव्या आणि एक मुंगूस अशी लहानसहान जनावरे दाटीवाटीने नांदत होती.

घळीच्या वर मोठे पठार होते. तिथे गवत पोटाला लागेल इतके वाढे आणि तिथल्या तळ्यात बारा महिने पाणी असे. त्या पठारावर सांबर, गवे आणि मोर यांची जुनी घराणी राहत. ती तिथे कधी आली, कशी आली आणि तळे त्यांचेच कसे झाले, हे कुणालाही ठाऊक नव्हते. विचारण्याची पद्धत नव्हती. उन्हाळ्यात घळीतला ओढा आटला की खालची जनावरे चढण चढून पठारावर जात. तिथला रिवाज असा, की आधी घराण्यांनी प्यायचे, मग त्यांच्या पाडसांनी डुंबायचे, आणि सगळे उरकले की खालच्यांनी काठाशी यायचे. तोवर काठाला चिखल झालेला असे. तो गढूळ घोट घ्यायचा, मान लववून 'उपकार झाले' म्हणायचे आणि पुन्हा घळ उतरायची.

मुलांनो, एका वर्षी उन्हाळा फार लवकर आला. होळीलाच ओढा कोरडा पडला. सशिणीची चार पिल्ले तेव्हा इतकी लहान होती, की पठाराची चढण त्यांना झेपत नव्हती. ती बिचारी रोज वर जाई, तोंडात मावेल तेवढा ओला चिखल घेऊन येई आणि पिल्लांना चाटायला देई.

साळूला ते पाहवेना. घळीच्या वळणावर एक उंबर होता. सगळी झाडे करपली होती, पण त्याची पाने हिरवीगार होती. साळू म्हणाली, "हा पाणी पितोय कुठून तरी. मी खणून बघते."

मुंगूस हसले. "अगं, दगड आहे खाली नुसता. नखं तुटतील तुझी."

नखे तुटलीही. पण साळू थांबली नाही. नऊ दिवस ती उंबराच्या मुळाशी माती उकरत राहिली. सशीण तिला खायला कंदमुळे आणून देई आणि उकरलेली माती पायांनी मागे सारी. दहाव्या दिवशी सकाळी खड्ड्यातली माती ओली लागली. दुपारपर्यंत तळाशी पाणी झिरपू लागले. जमिनीत खणून मिळालेल्या अशा पाण्याला झिरा म्हणतात. संध्याकाळी घळीतली सगळी जनावरे त्या झिऱ्यावर पोटभर पाणी प्याली. सशिणीच्या पिल्लांनी तर आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ पाणी पाहिले. सगळ्यांत धाकटे, कानावर पांढरा ठिपका असलेले पिल्लू पाण्यात स्वतःला पाहून इतके दचकले, की उलटे पडले. साळू त्या दिवशी खूप हसली.

पठारावर मात्र कुणी हसले नाही. तिथे पाणी काही कमी झाले नव्हते. कमी झाली होती ती मान लववणाऱ्यांची गर्दी.

पठारावरच्या सभेत सर्वांत म्हातारा सांबर मधोमध बसत असे. त्याच्या शिंगांना खूप फाटे होते आणि सगळे त्याला दादासाहेब म्हणत. त्याने शांतपणे विचारले, "खालची मंडळी आठ दिवसांत फिरकली नाहीत. बरी आहेत ना?"

कोल्हा घराण्यांचा कारभारी होता. तो पुढे होऊन म्हणाला, "बरी आहेत, दादासाहेब. जरा जास्तच बरी आहेत. एका साळूने झिरा खणलाय."

एक गवा उठून उभा राहिला. "मी जाऊन बुजवून टाकतो. चार पावलांचं काम आहे."

"बसा," सांबर म्हणाला. "बुजवलात तर ती सगळी भांडायला वर येतील. लहान आहेत, पण पुष्कळ आहेत. त्या साळूला बोलावून घ्या. आणि हे बघा, मानानं बोलवा."

दुसऱ्या दिवशी कोल्हा घळीत उतरला. साळूच्या बिळापुढे मान झुकवून तो म्हणाला, "साळूबाई, दादासाहेबांनी आपली आठवण काढली आहे. आपल्यासारख्या कर्तबगार व्यक्तीची जागा सभेत असायला हवी, असं त्यांचं म्हणणं आहे."

साळूला आजवर कुणी 'आपण' म्हटले नव्हते. तिने गोंधळून सगळ्यांकडे पाहिले. घळीत आनंदीआनंद झाला. आपल्यातले कुणीतरी वर बसणार! टिटव्यांनी ओरडून ओरडून ती बातमी साऱ्या घळीला सांगितली. सशिणीने साळूच्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाली, "जा. नीट बोल तिथे. आमचं सांग सगळं."

पठारावर दादासाहेबांच्या डाव्या हाताला, गर्द सावलीत, एक सपाट दगड होता. त्यावर साळूला बसवले. मोराने आपले एक पीस तिच्या काट्यांत खोचले. सांबर म्हणाला, "घळीचा आवाज इथं नव्हता. ही आमचीच चूक. आजपासून तुम्ही घळीचा आवाज." सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूचे डोळे भरून आले. एवढी मोठी मंडळी आणि आपल्यापुढे चूक कबूल करतात, असे तिला वाटले.

मग सांबर पुढे म्हणाला, "आता एक लहानसा विषय. असलं पाणी उघडं राहणं बरं नाही. कुणी घाण करील, कुणी भांडेल. दोन गवे राखणीला ठेवू. तुमची काही हरकत?"

राखण असणे चांगलेच, असे साळूला वाटले. तिने मान हलवली.

पुढच्या सभेत कोल्ह्याने सांगितले, की राखणदार दिवसभर उन्हात उभे असतात, त्यांचा घसा कोरडा पडतो, तेव्हा पहिले पाणी त्यांनी प्यावे हे रास्त आहे. साळूला ते पटले. तिने मान हलवली. त्याच्या पुढच्या सभेत असे निघाले, की राखणदारांच्या घरच्यांनी काय पाप केले आहे? साळू जरा अडखळली. पण इतक्या वेळा 'हो' म्हटल्यावर एवढ्याशा गोष्टीला 'नाही' कसे म्हणायचे, हे तिला कळेना. त्या दिवसापासून गव्यांचे कळप घळीत उतरू लागले.

एकदा बोलण्याच्या भरात ती 'झिरा' म्हणाली. मोर किंचित हसला. "जलाशय म्हणावं, साळूबाई." बाकीचेही हसले, अगदी मायेने हसले. साळूचे कान लाल झाले. आपला आवाज चिरका आहे, आपले शब्द गावंढळ आहेत, हे तिच्या मनाने घेतले. तेव्हापासून ती सभेत कमी बोलू लागली. मोर लांबलचक वाक्ये बोले. त्यातली निम्मी तिला समजत नसत. पण सगळे मान हलवत तेव्हा तीही हलवी. घरी आल्यावर ती स्वतःशी 'जलाशय, जलाशय' असे घोकत बसे.

काही दिवसांनी ठरले, की घळीतल्या जनावरांनी दिवसा येऊन गर्दी करू नये, सूर्य मावळताना यावे. सशिणीने साळूला वाटेत गाठले. ती खूप वाळली होती.

"अगं साळू, उन्हात दिवसभर पिल्लं कासावीस होतात. संध्याकाळपर्यंत थांबायचं कसं? आणि संध्याकाळी पाणी राहतंच कुठे?"

साळू म्हणाली, "जरा धीर धर. वर सगळा विचार करूनच ठरवतात. आणि मी आहे ना तिथे."

सशिणीने तिच्याकडे क्षणभर पाहिले. "हो," ती म्हणाली. "तू आहेस."

रोजची चढण साळूला त्रासाची होते म्हणून तिला पठाराच्या कडेला नवे बीळ देण्यात आले. ते ऐसपैस होते, थंड होते. तिथे तळे जवळ होते. घळीत जाणे हळूहळू कमी झाले आणि मग बंदच झाले.

वैशाखातल्या एका सभेत सगळे विषय संपले तेव्हा कोल्हा म्हणाला, "एक राहिलं. काल दुपारी जलाशयाच्या काठी एक पिल्लू दगावलं. वेळ झालेली नसताना पाण्याकडे धावलं आणि गव्याच्या पायाखाली आलं."

"मी मुद्दाम केलं नाही," गवा म्हणाला. "मी खाली पाहिलंच नव्हतं."

"वाईट झालं," सांबर म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच दुःखी होता. "मोर, आपल्या वतीनं दोन शब्द बोला."

मोराने दोन शब्द बोलायला सुरुवात केली. साळूने पहिल्यांदाच त्याला मध्ये तोडले. "कुणाचं पिल्लू?"

कोल्ह्याने आठवल्यासारखे केले. "सशिणीचं कुठल्यातरी. करवंदीच्या जाळीपाशी राहते ती. कानावर ठिपका होता म्हणे."

साळूला पुढचे नीट ऐकू येईना. सांबर बोलतच होता. असे पुन्हा होऊ नये म्हणून पाण्याभोवती काट्यांचे दाट कुंपण घालावे, म्हणजे लहान जीव मोठ्यांच्या पायाखाली येणार नाहीत. हे त्यांच्याच भल्याचे आहे, असे तो सांगत होता. मग तो साळूकडे वळला. "साळूबाई, कुंपणासाठी तुम्ही आपले काही काटे दिलेत, तर घळीलाही बरं वाटेल. घळीचाच हातभार लागला, असं होईल."

साळू दगडावरून खाली उतरली. 

"तुम्ही माझे काटे मागताय? माझ्याच लोकांना अडवायला? तो झिरा मी खणलाय! हो, झिराच आहे तो. नऊ दिवस खणलाय. तुम्हाला इथं तळं आहे. तुमच्या पाडसांना डुंबायला पाणी आहे. तुम्ही खाली उतरलातच कशाला? त्या पिल्लाला तहान लागली होती. तहान लागायलाही तुमची वेळ पाळायची का?"

सभेत कुणी रागावले नाही. कुणी आवाजही चढवला नाही. सांबर फक्त म्हणाला, "तुम्ही दमला आहात, साळूबाई. स्वाभाविक आहे. पण बोलताना जरा खऱ्याला धरून बोलावं. जलाशय तुम्ही खणलात असं म्हणता. मोर, नोंद काय आहे?"

मोराने मान उंचावली. "त्या उंबराखाली पाणी आहे हे दादासाहेबांच्या आजोबांनी आपल्या शिंगांनी जमीन उकरून प्रथम दाखवलं. पुढं काळाच्या ओघात ते मातीनं भरलं. साळूबाईंनी ती माती दूर केली. त्यांचे कष्ट आम्ही कुणीच नाकारत नाही."

"खोटं आहे हे!" साळू ओरडली. "कधी ठरलं हे?"

"मागच्या महिन्यातल्या सभेत," मोर नम्रपणे म्हणाला. "सर्वानुमते. तुम्हीही मान हलवली होती."

साळूला ती दुपार आठवली. मोराचे ते न संपणारे वाक्य, डोळ्यांवरची झापड, हलणाऱ्या माना. तिने मान हलवली होती.  कोल्ह्याने पुढे येऊन तिच्या काट्यांतले मोरपीस अलगद काढून घेतले आणि तिला वाट मोकळी करून दिली.

साळू घळ उतरली. किती दिवसांनी उतरत होती! वाट तिला अनोळखी वाटली. उंबराभोवतीची माती खुरांनी तुडवून दगडासारखी झाली होती. करवंदीच्या जाळीखाली सशीण तीन पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. चौथ्याच्या जागी वाळलेले गवत तसेच होते.

"माझं चुकलं," साळू म्हणाली. "मी भांडले आज त्यांच्याशी. त्यांनी मला काढून टाकलं."

 अजिबात न रागावता सशीण म्हणाली, "पहिल्या दिवशी गवे आले ना, तेव्हा सगळे चिडले होते. टिटव्या तर म्हणत होत्या, डोक्यावर घिरट्या घालून सळो की पळो करून सोडू. उंदीर म्हणाले, गव्यांच्या पायाखालची जमीन पोखरू. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आपली साळू आहे वर. तिला विचारल्याशिवाय काही झालं नसेल. मग नवा नियम आला. मग आणखी एक आला. दर वेळी आम्ही तेच म्हटलं आणि गप्प बसलो." तिने पिल्लांना आणखी जवळ ओढले. "तू तिथे नसतीस, तर आम्ही भांडलो असतो गं."

साळू रडली. पण रडत बसली नाही. संध्याकाळी तिने घळीतल्या जनावरांना वळणावर गोळा केले. सभेत काय काय झाले, आपण कुठे कुठे मान हलवली, पाण्याचा इतिहास कसा बदलला, आता कुंपण कसे येणार आहे, सगळे तिने लपवाछपवी न करता सांगितले. "अजून वेळ गेलेली नाही," ती म्हणाली. "आपण पुष्कळ आहोत. सगळे मिळून उंबरापाशी उभे राहू. आज, आत्ता."

जनावरांत कुजबुज झाली. दोन टिटव्या पंख फडफडवून पुढे आल्या. उंदरांनीही माना वर केल्या. एवढ्यात पठाराच्या कडेवरून कोल्ह्याचा आवाज आला. "घळीतल्या मंडळींनो, आनंदाची बातमी! साळूबाईंनी प्रकृतीच्या कारणानं जागा सोडली आहे. पण दादासाहेबांनी घळीची जागा रिकामी ठेवलेली नाही. आजपासून मुंगूस तुमच्या वतीनं सभेत बसेल. काही गाऱ्हाणं असेल तर त्याला सांगा."

कोल्ह्याच्या शेजारी मुंगूस उभे होते. त्याच्या कानामागे मोरपीस होते. एवढ्या लांबूनही त्याचा आनंद दिसत होता.

साळू जिवाच्या आकांताने ओरडली, "अरे, जाऊ नकोस! ते तुला ऐकायला बोलवत नाहीत, आम्हाला गप्प करायला बोलवतात!"

"तुझी जागा गेली म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," मुंगूस वरून म्हणाले. "मी तुझ्यासारखा बावळट नाही. मी बरोबर बोलेन."

खाली उभी असलेली जनावरे एकमेकांकडे पाहू लागली. एक म्हातारा सरडा म्हणाला, "मुंगूस हुशार आहे. आपलंच आहे. बघू तर खरं काय करतं ते." पुढे आलेल्या टिटव्या मागे सरकल्या. थोड्याच वेळात वळणावर साळूखेरीज कुणी उरले नाही.

पुढच्याच सभेत कुंपणाचा विषय निघाला आणि मुंगसाने मान हलवली. कुंपण बाभळीच्या काट्यांचे झाले. सशीण त्याच आठवड्यात तीन पिल्ले घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली. ती पोहोचली की नाही, ते कुणालाच कळले नाही. साळू घळीतच राहिली. ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून आपली हकीकत सांगू लागली. काही जण ऐकतही. पण ऐकणारे नेहमी घाईत असत. सूर्य मावळतीला आलेला असे, आणि पाण्याची वेळ टळेल या भीतीने तिचे बोलणे अर्धवट सोडून ते कुंपणाकडे पळत.

तात्पर्य : सत्ताधीशांच्या शेजारी आपल्यापैकी एकाला जागा मिळाली म्हणजे आपल्याला न्याय मिळाला असे नाही; त्या जागेच्या भरवशावर जे आपला आवाज सोडून देतात, त्यांचे सर्वस्व त्यांच्याच संमतीने हिरावले जाते.